हळदीवर ढकललेला दोष

तापणारी गाडी घेऊन येणारा माणूस बॉनेट उघडायच्या आधीच निदान सांगून मोकळा होतो. कोणाच्या मते रेडिएटर गेलेला असतो, कोणाच्या मते इंजिनच कामातून गेलेलं असतं. मी त्याला बाकड्यावर बसवतो, चहा सांगतो आणि विचारतो, की गाडी तापते कुठे? उभ्या जागी, हायवेला, की चढाला? बहुतेकांना हा प्रश्न म्हणजे वेळकाढूपणा वाटतो. पण निम्मं काम या उत्तरातच असतं. उभी गाडी तापत असेल तर आधी पंखा बघायचा, कारण उभ्या गाडीला वारा मिळतो तो पंख्याचाच. जोरात पळताना तापत असेल तर रेडिएटर तुंबल्याचा संशय घ्यायचा. भरलेली गाडी हळूहळू चढ चढताना तापत असेल, तर मात्र कोणताच निष्कर्ष घाईने काढायचा नाही. हे मी आता सांगतोय. तेव्हा मी घाई केली होती.

मी मूळचा महाळुंगे पडवळचा. थोरले बंधू शेती बघतात आणि मी मंचर-घोडेगाव रस्त्यावर जुन्या डिझेल गाड्यांचं गॅरेज चालवतो. नव्या गाड्या माझ्याकडे येत नाहीत, त्यांना संगणक लावणारी माणसं वेगळी. माझ्याकडे येतात त्या म्हाताऱ्या जीपा, कांदा-बटाटा वाहून खिळखिळ्या झालेल्या पिकअप, आणि ज्यांचा मालक गाडी विकायला तयार नाही असे टेम्पो. त्यांच्या तापण्याबद्दल या दोन तालुक्यांत माझ्याइतकं कोणाला कळत असेल असं मला वाटत नाही. हे मी लाजून सांगत नाही, कारण ते खरं आहे.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिनात सतत जाळ चालू असतो. त्या जाळाची उष्णता पाणी उचलतं, पुढच्या जाळीत म्हणजे रेडिएटरमध्ये नेतं, तिथे वारा ती काढून घेतो आणि थंड झालेलं पाणी पुन्हा इंजिनात येतं. एवढंच. पाणी कमी पडलं, पाणी फिरलं नाही किंवा वारा लागला नाही, या तीनच गोष्टी. त्या तीन गोष्टींच्या कारणांना मात्र अंत नाही.

जुन्नरकडचा एक बैलगाड्याचा शौकीन दर उन्हाळ्यात पिकअप तापते म्हणून यायचा. शर्यतीत बैलांनी नंबर काढला की त्यांच्या फोटोचा भलामोठा फ्लेक्स तो गाडीच्या तोंडावर बांधायचा, वर झेंडूच्या माळा. रेडिएटरला वारा येणार कुठून? तो काढा म्हटलं की तोंड फिरवायचा. म्हणायचा, "मेस्त्री, तुमी इंजिनाचं बघा, बैलांना हात लावू नका." शेवटी एकदा मी त्याला विचारलं, "भाऊ, शर्यतीत बैलाच्या नाकावर फडकं बांधून पळवता का?" तो स्वतःच फ्लेक्सच्या दोऱ्या सोडायला लागला. आता त्याच्या गाडीवर बैल टपावर असतात.

असे किस्से सांगायला मला आवडतं. चार माणसांत बसलं की माझ्याकडून ते मागितलेही जातात. पण माझी जीभ अशी चालते हीच माझी खोड आहे, आणि त्या खोडीपायी मी एका माणसाचं नुकसान केलं.

बुधाजीबाबा डिंभ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात राहतात. भात, नाचणी, थोडी वरई. वय साठीच्या पुढे. त्यांच्याकडे एक जुनी डिझेल जीप आहे आणि आजूबाजूच्या वाड्यांना तीच एक भरवशाची सोय. एसटी येते, पण तिचं येणं तिच्या मर्जीवर. बाजाराचा दिवस असो, दवाखाना असो, लग्नाचा बस्ता असो, माणसं बुधाजीबाबांच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून घोडेगावला उतरतात. गावातून निघालं की आधी एक खिंड चढावी लागते, मग पुढे उतार. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत ती जीप त्या खिंडीत तापायला लागली.

पहिल्यांदा ते आले तेव्हा मी जे करत आलो होतो तेच केलं. थर्मोस्टॅट काढून टाकला. हा वाटीएवढा पितळी तुकडा असतो, इंजिनातून पाणी बाहेर पडण्याच्या वाटेवर बसवलेली झडप. इंजिन गार असेपर्यंत ती बंद राहते, म्हणजे पाणी आतल्या आत फिरून इंजिन लवकर गरम होतं. गरम झालं की ती उघडते आणि पाणी रेडिएटरकडे सोडते. जुनी झाली की ती कधी कधी बंदच अडकते, आणि मग गाडी उकळते. म्हणून आमच्याकडच्या गॅरेजमध्ये रीतच पडून गेली, की गाडी तापली की पहिल्यांदा थर्मोस्टॅट काढा आणि फेकून द्या. माझ्या उस्तादांनी मला तेच शिकवलं. ते म्हणायचे, पाण्याच्या वाटेत दार कशाला, दार काढा, पाणी मोकळं वाहू द्या. ऐकायला किती सरळ वाटतं. मी आजवर काढलेले थर्मोस्टॅट एकत्र केले असते तर भंगारवाल्याचा एक फेरा झाला असता.

तुकडा काढला, रेडिएटर बाहेरून धुतला, घोडेगावपर्यंत रिकामी जीप पळवून आणली. काटा जागचा हलला नाही. मी बाबांच्या हातात चावी दिली.

काही आठवड्यांनी ते परत आले. गाडी आता जास्तच तापत होती. त्या दिवशी बाजार होता, त्यामुळे जीप भरलेली. वेगवेगळ्या वाड्यांच्या बायका पिशव्या घेऊन मागे बसलेल्या, दोन-चार म्हातारे उतरून माझ्याभोवती उभे. मी गाडी निवू दिली, रेडिएटरचं झाकण उघडलं आणि आत बोट घातलं. बोट पिवळंधमक झालं.

डोंगरातल्या ड्रायव्हर लोकांचा हा जुना उपाय आहे. रेडिएटरला बारीक गळती लागली आणि जवळपास गॅरेज नसलं की ते पाण्यात मूठभर हळद टाकतात. हळद फुगून भोकात बसते आणि गळती थांबते. खिंडीत अडकलेल्या माणसाला घरी पोचवायला हे पुरतं. पण तीच हळद रेडिएटरच्या नळ्यांतही बसते. मी बोट सगळ्यांना दिसेल असं वर धरलं आणि म्हणालो, "बाबा, ही गाडी हाय का कालवण? मीठ-मिरची राहिली, तेवढी टाका, भाकरी मी आणतो."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. म्हातारे हसले. चहावाला हसला. बाबा म्हणाले, "गळत व्हतं, मेस्त्री. माणसं भरल्याली. घाटात दुसरं काय व्हतं हाताशी?" त्यावरही मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही, पण लोक आणखी हसले एवढं आठवतं.

रेडिएटर उघडून, नळ्यांतून सळई मारून साफ करून आणला. हळद निघाली हे खरं. पाण्याचा पंप बघितला, पट्टा बदलला. संध्याकाळी बाजार आटोपून माणसं परत गाडीत बसत होती, तेव्हा एक बाई माझ्याजवळ आली. बाबांच्या शेजारची, पार्वताबाई. तिची मुलगी आणि वाडीतल्या आणखी काही मुली दहावीला होत्या आणि परीक्षेचं केंद्र घोडेगावला होतं. मुलींना महिनाभर कोणा पाहुण्याकडे ठेवायचं, की घरून जीपने पाठवायचं, असा घोळ वाडीत चालला होता. तिने विचारलं, "मेस्त्री, खरं सांगा. पोरींचं वरीस हाय. भरवसा ठिवायचा का ह्या गाडीवर?" मी म्हणालो, "गाडी ठणठणीत हाय. फकस्त ह्यांच्या हातात हळदीचा डबा देऊ नका." पुन्हा हशा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी बाबांचा फोन आला. त्यांचा आवाज कधीच चढा नसतो. ते म्हणाले, "मेस्त्री, ह्या बारीला हळद न्हाई टाकली. तरी तापली." आणि मग, "कुनी ऐकंना झालंय. सगळी म्हन्त्यात, म्याच टाकली."

मी फोन ठेवला आणि हातातलं काम तिथेच टाकलं. मुलींची सोय करायला आता पाहुणे शोधायला वेळ नव्हता आणि बाबांच्या गाडीत मुली घालायला कोणी तयार नव्हतं. एवढी वर्षं ज्या माणसाच्या हातात सगळ्या वाड्यांनी आपली पोरंबाळं, आजारी माणसं, बाळंतिणी दिल्या, त्याचा शब्द माझ्या एका विनोदाने हलका झाला होता. आणि गाडी तर अजून तापतच होती.

मोटारसायकलवर हत्यारं बांधून मी वर गेलो. जीपमध्ये माणसांच्या ऐवजी भाताची पोती भरायला सांगितली, शेजारी बसलो आणि म्हणालो, चला खिंडीत. ती जीप जिथे तापत होती तिथे मी तोवर एकदाही गेलो नव्हतो. मंचरच्या सपाट रस्त्यावर रिकामी गाडी पळवून मी डोंगरातल्या गाडीचं निदान करत होतो. हे लिहिताना आजही माझी मान खाली जाते.

दुसऱ्या गिअरमध्ये जीप कण्हत चढत होती. निम्म्या चढाला काटा लाल रेषेकडे सरकायला लागला. मी गाडी थांबवायला लावली, पण इंजिन चालूच ठेवलं. बॉनेट उघडून फडक्याने एकेक पाइप चाचपला. इंजिनातून येणारा वरचा पाइप कढत होता. रेडिएटरमधून परत जाणारा खालचा पाइप मात्र कोमट. म्हणजे रेडिएटर थंड करायचं काम चोख करत होता, पण त्याच्याकडे पाणीच पुरेसं येत नव्हतं. मग ते जात कुठे होतं? बाजूला एक आखूड, अंगठ्याएवढा पाइप असतो. त्याला हात लावला आणि हात झटकला.

तेव्हा मला सगळं एकदम दिसलं. हायवेला गावाबाहेरून रस्ता झाला की गावातल्या गर्दीत कोण शिरतो? इंजिनातही तसाच बाहेरचा रस्ता असतो. गार इंजिनाचं पाणी रेडिएटरला न जाता या आखूड पाइपातून आतल्या आत फिरतं. थर्मोस्टॅट उघडताना दोन कामं करतो. एका तोंडाने तो रेडिएटरची वाट उघडतो आणि खालच्या चकतीने हा बाहेरचा रस्ता बंद करतो. मी दार काढलं तेव्हा दोन्ही रस्ते कायमचे उघडे पडले. पाणी सोप्या वाटेने गेलं आणि तापलेलंच परत इंजिनात आलं. सपाटीला गाडी पळत असताना हे खपून जात होतं. भरलेली जीप खिंड चढताना खपत नव्हतं. उस्तादांच्या जमान्यातल्या काही इंजिनांना तो आखूड पाइप फार बारीक असायचा, तिथे तो तुकडा काढून चालून गेलं. या इंजिनाला नाही चाललं. आणि मी कधी बघितलंच नाही.

पक्कडीला फडकं गुंडाळून मी तो आखूड पाइप दाबून धरला. बाबांना म्हटलं, काटा बघत राहा. इंजिन थोडं वाढवलं. जरा वेळाने ते म्हणाले, "खाली आला." आणखी थोड्या वेळाने, "मेस्त्री, पार खाली आला." मी पक्कड सोडली, काटा पुन्हा चढला. पुन्हा दाबली, पुन्हा उतरला. माझ्या सगळ्या कामात इतका स्पष्ट पुरावा मला क्वचितच मिळाला असेल, आणि तो माझ्याच विरुद्ध होता.

मी बाबांना तिथेच सांगितलं. तुमच्या हळदीने नळ्या थोड्या तुंबल्या होत्या, पण गाडी जास्त तापायला लागली ती माझ्यामुळे. मी काढायचा नव्हता तो भाग काढला. त्यांनी एक बिडी पेटवली आणि खिंडीच्या खाली, आपल्या वाडीकडे बघत ओढली. मग विचारलं, "उद्या जाईल का?"

"जाईल," मी म्हणालो, आणि या वेळी ते तोंडातून काढायच्या आधी पूर्ण खिंड भाताच्या पोत्यांसकट चढून आलो. चढायच्या आधी आखूड पाइप सोडवून त्यात जाड बोल्ट ठोकून बसवला आणि दोन्ही बाजूंनी क्लिपा आवळल्या. पाण्याला आता रेडिएटरशिवाय वाटच नव्हती. देखणं काम नव्हतं, पण पक्कं होतं. सगळ्या चढाला काटा मध्याच्या वर गेला नाही.

दिवेलागणीला वाडीतली माणसं देवळासमोर जमली. खालच्या गावातल्या एकाची पिकअप ठरवायची असं बोलणं चाललं होतं, आणि तो माणूस उद्या सकाळी निघेल की नाही याची कोणालाच खात्री नव्हती. मी उभा राहिलो आणि जे बाबांना सांगितलं तेच सगळ्यांना सांगितलं. दोष हळदीचा नव्हता, माझ्या हाताचा होता. बाबांना मी चारचौघांत हसलो, ते चुकीचं होतं.

पार्वताबाई पुढेच बसली होती. ती म्हणाली, "त्या दिशीबी असंच छातीठोक बोल्ला व्हता तुमी."

"व्हय."

"मग आज काय नवं?"

मी म्हणालो, की त्या दिवशी मी मंचरात बसून बोललो होतो, आज खिंड चढून आलोय. आणि उद्या पोरींसंगं मी बसणार. गाडी थांबली तर पुढे न्यायला माझ्या ओळखीचा टेम्पो खिंडीच्या माथ्यावर पहाटेपासून उभा असंल. तेवढं ऐकल्यावर ती बाबांकडे वळली. माझ्याकडे नाही, बाबांकडे. "बाबा, तुमी काय म्हन्ता?"

बाबा म्हणाले, "गाडी माजी हाय. मी नेतो." त्यावर तिने मान हलवली आणि विषय संपला.

सकाळी मुली पाठ केलेलं पुटपुटत मागे बसल्या. मी पुढे, नजर काट्यावर. खिंडीच्या निम्म्यात एक वळण आहे. तिथे बाबा नेहमी गाडी थांबवून पाणी घालायचे. सवयीने त्यांचा पाय ब्रेककडे गेला. त्यांनी काट्याकडे बघितलं, पाय उचलला आणि गिअर न बदलता वळण घेतलं. मागच्या एका मुलीने विचारलं, "थांबायचं न्हाय का आज?" बाबा म्हणाले, "तू तुजं पाठ कर." माथ्यावर माझा टेम्पोवाला उभा होता. त्याने हात केला, बाबांनी हॉर्न दिला आणि आम्ही उताराला लागलो. घोडेगावला पोचलो तेव्हा शाळेचं फाटक अजून उघडायचं होतं. उरलेल्या पेपरांनाही तीच जीप गेली. माझा टेम्पोवाला पुढच्या पेपरला बोलवावा लागला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या जीपसाठी नवा थर्मोस्टॅट शोधायला लागलो. मंचरला मिळाला नाही. आम्ही मेस्त्रीच तो फेकत असू तर दुकानदार ठेवेल कशाला? शेवटी जुन्नरच्या पेठेत, एका जुन्या स्पेअरच्या दुकानात, धुळीच्या खोक्यात सापडला. दुकानदार म्हणाला, "काढून फेकणारे लई बघितले राव, बसवायला मागणारा तूच पयला." तो बसवला आणि बोल्ट काढला. माझ्या हातून गेलेल्या आणखी किती डोंगरातल्या गाड्या अशाच तापत राहिल्या असतील, त्यातल्या किती इंजिन संपलं म्हणून भंगारात गेल्या असतील, हा विचार आला की मला झोप लागत नाही. ज्यांची नावं आठवली त्यांना फोन केले. काहींनी गाड्या आणल्या. काहींनी गाडी विकून टाकली होती.

पण एक गोष्ट तेवढ्याने मिटली नाही. देवळासमोर मी ज्यांना खरं सांगितलं ती एका वाडीची माणसं. बाजारच्या दिवशी ज्यांच्यासमोर मी बोट वर केलं ती सात वाड्यांची. विनोद सगळीकडे पोचला होता, त्याची दुरुस्ती पोचली नव्हती. बाबांना लोक 'हळद्या' म्हणायला लागले होते. म्हणून परीक्षा संपल्यावरच्या एका बाजाराला मी गॅरेज बंद ठेवून घोडेगावच्या जीपतळावर गेलो. बाबांची जीप भरत आली होती. त्यातल्या बऱ्याच बायका त्या दिवशीच्याच. मी मागच्या दाराशी उभा राहून सगळं पहिल्यापासून सांगायला लागलो. थर्मोस्टॅट, आखूड पाइप, पक्कड, माझी चूक, बाबांची काही चूक नसणं.

एका म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुजं खरं असंल रं बाबा. पर आता आमच्या तोंडाला हळद्याच बसलंय. जीपमधी बसतो त्याच्याच, दुसऱ्याच्या न्हाई." दुसरी एक हसली, पण ते हसू वेगळं होतं, घरच्या माणसाला हसावं तसं. मला तेवढ्याने बरं वाटेना. मी पुन्हा मुद्द्यावर आलो, की हे नाव मीच पाडलं, ते निदान यापुढे...

बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून आरशातून माझ्याकडे बघत होते. त्यांनी मान बाहेर काढली.

"मेस्त्री, तुमचं झालं असंल तर सोडू का गाडी? मानसं उनात बसल्यात."

मी दार लावून घेतलं आणि बाजूला झालो.